आमच्या पडवीतलं पोस्ट

खेडेगावातलं पोस्ट ऑफिस बहुतेक वेळा कुणाच्या तरी राहत्या घरात असतं हे शहरातल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं. मी मैत्रिणींना सांगितलं की मी पोस्टमास्तर आहे आणि ऑफिस घरातच आहे, तर त्यांना वाटलं वर्क फ्रॉम होम. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते, पोस्ट या घरात आलं कसं, माझ्याकडे आलं कसं, आणि रोज काय काय करावं लागतं. जीडीएसचा, म्हणजे ग्रामीण डाक सेवकाचा, फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींनाही उपयोग होईल.

माझं माहेर आजरा तालुक्यातलं, घाटावरचं. सासर खाली सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात. घर कौलारू, पुढे खळं, मग पडवी, आत माजघर. पडवीचा डावा कोपरा फळ्या मारून वेगळा केलेला, त्याला एक खिडकी, बाहेर भिंतीला लाल पेटी. लग्न होऊन आले तेव्हा आईंनी म्हणजे सासूबाईंनी घर दाखवताना देवघर, चूल, विहीर, गोठा सगळं दाखवलं आणि त्या कोपऱ्यापाशी येऊन म्हणाल्या की हे पोस्ट, इथली कुठलीही वस्तू झाडताना सुद्धा हलवायची नाही, तात्यांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना विचारल्याशिवाय.

हे पोस्ट आणलं आजेसासऱ्यांनी. ते शाळामास्तर होते. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या भारतात पोस्ट ऑफिसं होती २३,३४४, आता दीड लाखाच्या वर आहेत, म्हणजे मधल्या काळात जी वाढली ती बहुतेक सगळी अशीच, खेड्यात, कुणाच्या तरी पडवीत नाहीतर दुकानात नाहीतर शाळेच्या खोलीत. आमच्या गावात ते १९५० च्या दशकात आलं. त्याआधी पत्र यायचं ते बाजाराच्या गावी, आणि तिथून बाजारला गेलेल्या माणसाच्या हातून जमेल तसं. मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाची मनीऑर्डर आली तरी ती घ्यायला बाईने अर्धा दिवस चालत जायचं, ओळख पटवायला कुणाला तरी बरोबर न्यायचं. आजोबांनी अर्ज केले, गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या, जागा मी देतो असं लिहून दिलं. नवीन शाखा आधी प्रायोगिक म्हणून उघडत, टपाल किती येतं-जातं, उत्पन्न किती होतं ते बघून मग कायम करत. तर पोस्ट जाऊ नये म्हणून लोकांनी मुद्दाम कार्डं लिहिली म्हणे, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची आजोबांनीच संध्याकाळी खळ्यात बसून लिहून दिली. ते कायम झालं आणि लग्नाच्या पत्रिकांवर आमच्या गावाच्या नावाआधी मु. पो. छापायला लागले, शेजारच्या दोन गावांना अजूनही पत्त्यात आमच्या गावाचं नाव घालावं लागतं.

त्या वेळी या पोस्टमास्तरांना एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे, ईडी. म्हणजे खात्याचे पण खात्याबाहेरचे. दिवसाचे काही तास काम, मानधन थोडं, आणि अट अशी की पोटापाण्याचं दुसरं साधन पाहिजे. म्हणून शाळामास्तर, दुकानदार, थोडीफार शेती असलेला माणूस. २००१ च्या नियमांपासून नाव झालं ग्रामीण डाक सेवक. मधे १९७७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही माणसं सिव्हिल पोस्टवरचीच आहेत, नियमित नोकरदार नसली तरी, मनात येईल तेव्हा काढून टाकता येणार नाही. तात्यांना ही केस तोंडपाठ आहे. नियमित नोकरदारासारखी पेन्शन मात्र मिळाली नाही, आणि ते वयाच्या ६५ पर्यंत काम करून निवृत्त झाले.

यातली एक गोष्ट मला इथे येऊन राहिल्यावर कळली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या पद्धतीत सुट्टी घ्यायची तर बदली माणूस आपणच द्यायचा, आपल्या जबाबदारीवर. आता खेड्यात असा माणूस कोण मिळणार, ज्याला हिशेब येतो, जो विश्वासाचा आहे आणि जो रोज वेळेला हजर राहील? घरातलाच. म्हणजे आजोबा आजारी पडले की तात्या बसायचे, तात्या लग्नाकार्याला गेले की माझा नवरा. आणि कागदावर ज्यांचं नाव कधीच आलं नाही त्या आई, सीलची लाख वितळवणं, पिशवीची दोरी बांधून ठेवणं, पावसात भिजून आलेली पत्रं चुलीजवळ दोरीवर वाळवणं, कुणी अवेळी आलं तर बसवून घेणं, हे सगळं त्यांनीच केलं. मानधन एका माणसाचं आणि पोस्ट चालवणार सगळं घर. देशभरात अशी हजारो घरं असतील आणि त्यातल्या बायकांची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही, हे मला फार लागतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पैशाची जबाबदारी तर घरादाराचीच. कॅश घरात म्हणजे घर कधी पूर्ण बंद करून जाता येत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला सगळे एकत्र कधी गेलेच नाहीत, एक जण मागे. आजोबांनी एक लोखंडी पेटी माजघरात जमिनीत पक्की बसवून घेतली होती, ती अजून आहे. मुलं लहान असताना हट्ट करायची, पोस्टात एवढे पैसे आहेत मग मला दोन रुपये का नाही, तेव्हा आजेसासूबाई सांगायच्या, "ते पैसे सरकाराचे, आपले न्हय." आणि दुसरा नियम बोलण्याचा. कुणाच्या मुलाचे पैसे येतात, कुणाचे यायचे थांबले, कुणाला कोर्टाची नोटीस आली, हे या घराला सगळ्यात आधी कळतं, पण ते माजघरात सुद्धा बोलायचं नाही. वरती श्री न लिहिलेलं कार्ड आलं की आजोबा समजायचे की वाईट बातमी आहे, ते वाटपात द्यायचे नाहीत, स्वतः चालत त्या घरी जायचे आणि आधी घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला बोलवायचे.

तात्या सगळ्यात जास्त बोलतात ते १९८२ बद्दल. तेव्हा ते पंचविशीतले, आजोबांच्या हाताखाली. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार. कोकणातली गावंच्या गावं तेव्हा मनीऑर्डरवर जगायची. पहिला महिना कुणाला काही वाटलं नाही, पुढे पिशवीतल्या मनीऑर्डरी कमी होत गेल्या आणि मग नुसती कार्डं यायला लागली, संप मिटला की पाठवतो, तोपर्यंत धकवून घ्या. बायका तरी रोज यायच्या. "मास्तरानू, माझ्या झिलाची मनीऑर्डर इली काय?" नाही म्हणायचं काम तात्यांवर आलेलं. ते सांगतात की पिशवी फोडायच्या आधी खिडकीबाहेर बघायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मग हळूहळू माणसंच परत आली, बोचकी घेऊन, काही जणांनी परत मुंबई बघितलीच नाही. आजोबांनी त्या वर्षी गावातल्या वाण्याला शब्द दिला होता की या या घरांना उधार द्या, संप मिटल्यावर मनीऑर्डर माझ्या हातून जाते, मी लक्ष ठेवीन. तो संप तसा मिटलाच नाही. ती उधारी कशी फिटली, किती फिटली, हे तात्या सांगत नाहीत आणि मी विचारलं पण नाही.

आता माझं.

तात्यांची ६५ पूर्ण झाली आणि जागा रिकामी झाली. बऱ्याच लोकांचा समज असतो की पोस्ट वारसाने मिळतं. तसं अजिबात नाही. घर तुमचं, जागा तुमची, तीन पिढ्या तुमच्या, पण निवड फक्त दहावीच्या मार्कांवर, ऑनलाईन. तात्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा मला अर्धा मार्क सुद्धा मिळणार नव्हता, आणि ते बरोबरच आहे असं तात्यांचंच मत. जानेवारी २०२३ मध्ये देशभराची भरती निघाली, ४०,८८९ जागा, आणि त्यात आमच्या गावाचं नाव दिसलं. फॉर्मची मुदत २७ जानेवारी ते १६ फेब्रुवारी. वय १८ ते ४०, दहावीत गणित आणि इंग्रजी पास, स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली, कॉम्प्युटर आणि सायकल येत असली पाहिजे. महिलांना फी नाही. एक डिव्हिजन निवडायची आणि त्यातल्या गावांना पसंतीक्रम द्यायचा. टक्केवारी चार दशांशांपर्यंत काढतात, म्हणजे किती घासून स्पर्धा असते बघा. महाराष्ट्रात बेस्ट ऑफ फाईव्हमुळे मार्क आधीच वर, त्यामुळे ज्यांना नव्वदच्या आत आहेत त्यांनी पण फॉर्म भरावा पण एकाच गावाच्या आशेवर राहू नये. मला दहावीला नव्वदच्या बरेच वर होते, लग्नानंतर ती मार्कशीट नुसती फाईलमध्ये पडलेली, आमच्या भागात मुली एवढे मार्क मिळवतात आणि मग ते कुणी विचारत नाही. या भरतीने ते विचारले.

यादी लागली, मेसेज आला, नंतर कागदपत्रांची तपासणी. मूळ मार्कशीट, जन्मतारीख, जातीचा दाखला, सरकारी दवाखान्याचं मेडिकल सर्टिफिकेट. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर त्याचे कागद आधीच तयार ठेवा, मुलींचं इथेच अडतं. पोलीस व्हेरिफिकेशन नंतर होतं, तोपर्यंत नेमणूक तात्पुरती.

मग जागा. बीपीएमला, म्हणजे शाखा पोस्टमास्तरला, गावातच राहावं लागतं आणि ऑफिसला जागा स्वतःच द्यावी लागते, मध्यवर्ती, लोकांना येता येईल अशी. आम्हाला वाटलं जागा तर तीच आहे, बघायचं काय त्यात. पण खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी नव्याने सगळं बघितलं, दार थेट बाहेरून आहे का, म्हातारं माणूस चढेल का, लाईट, कॅश ठेवायची सोय, बोर्ड कुठे लागणार. पडवीला दोन उंच पायऱ्या होत्या, नवऱ्याने त्या वेळी तिथे उतार करून घेतला, तो फार कामाचा निघाला, आता काठीवाली माणसं कुणाचा हात न धरता वर येतात. फळ्यांच्या जागी प्लायवूड आणि जाळी आली. जागेसाठी भत्ता मिळतो पण थोडा.

ट्रेनिंग झालं आणि चार्ज घेतला. तात्या निवृत्त झाल्यापासून मधला काळ आमचे डाक वाटणारे एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा पोस्टमास्तर, दोन्ही कामं बघत होते, त्यामुळे कागदोपत्री चार्ज मी त्यांच्याकडून घेतला, तात्यांकडून नाही. खात्याचे देखरेख करणारे ओव्हरसियर समोर. यादी वाचायची आणि एकेक वस्तू ताब्यात घ्यायची. रोख, तिकिटं, तारखेचा शिक्का, पितळी सील, वजनकाटा, लेटरबॉक्सची किल्ली, पिशव्या, मशीन, रजिस्टरं, आणि लोकांची आपल्याकडे असलेली पासबुकं. तात्या तेवढा वेळ खळ्यात बसून होते, आत आले नाहीत. मी म्हटलं तात्या या की, तर म्हणाले, आता माझं काम नाही तिथे. सगळं झाल्यावर ओव्हरसियरनीच त्यांना हाक मारून चहाला आत बोलावलं.

शिक्क्याची तारीख बदलणं ही मला तात्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट. त्यात बारीक खिळे असतात आकड्यांचे, ते चिमट्याने काढून आजची तारीख बसवायची, मग वहीत एक ठसा उमटवून बघायचा की सगळं सरळ वाचता येतं का. ते रोज आंघोळ, देवपूजा आणि मग शिक्का, या क्रमाने करायचे. ते म्हणतात की ज्या कागदावर हा शिक्का पडतो तो कधी ना कधी कोर्टात उभा राहू शकतो, तारीख चुकली तर एखाद्याची जमीन जाईल. मी पण तसंच करते, देवपूजा आई करतात, शिक्का मी.

रोजचं काम असं चालतं. टपाल आमच्या लेखा कार्यालयातून, म्हणजे एसओमधून (उपडाकघरातून), एसटीने फाट्यावर येतं, तिथून ते उचलून आणायचं. सील बघायचं, मगच पिशवी फोडायची. आत बीओ स्लिप असते (बीओ म्हणजे आमच्यासारखं शाखा पोस्ट ऑफिस), त्यात काय काय पाठवलं आणि कॅश किती ते लिहिलेलं, ते जुळवायचं. मशीनवर आधी डे बिगिन, मग बॅग ओपन. पत्रं वाडीप्रमाणे लावायची आणि एबीपीएमच्या हवाली. मग खिडकी. आरडी, बचत खातं, सुकन्या, ग्रामीण टपाल जीवन विमा, स्पीडपोस्ट, आधारवर पैसे काढणं. दुपारी जाणाऱ्या पिशवीत दिवसभराचं टपाल आणि जास्तीची कॅश, सील करून परत फाट्यावर. शेवटी हिशेब, हातातली रोकड आणि मशीनमधला आकडा एक आला की डे एंड. कागदावर कामाचे तास चार किंवा पाच. १ जुलै २०१८ पासून नवीन मानधन लागू झालं, बीपीएमला चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० पासून सुरुवात, वर महागाई भत्ता. त्याआधी मे-जूनमध्ये देशभर जीडीएसचा मोठा संप झाला होता, तात्या त्यात होते. महिलांना बाळंतपणाची रजा पण त्याच वेळी लागू झाली. पण लोक काय चार तास बघून येत नाहीत. घर आहे ना, मग संध्याकाळी सात वाजता पण येतात. पैशाचा व्यवहार मी त्या वेळी करत नाही, बाकी पत्र आलंय का, पासबुकात किती जमा आहेत, एवढं सांगायला नाही म्हणवत नाही.

पिनकोडबद्दल एक सांगायचं राहिलं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस, संस्कृतचे कवी. आमच्या सगळ्या जिल्ह्याचे पिन ४१६ ने सुरू होतात, कोल्हापूरसारखेच. म्हणजे माझ्या माहेरच्या आणि सासरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे एकच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, पिन त्याच्या आधीचा. बीओला स्वतंत्र पिन नसतो, एसओचाच, त्यामुळे ऑनलाईन मागवलेल्या वस्तूवर गावाचं नाव नीट लिहिलं नाही तर ती दुसऱ्याच बीओच्या पिशवीत जाते. गावाचं नाव आणि वाडी दोन्ही लिहा, एवढीच विनंती.

मशीनचं युग म्हणजे दर्पण प्रकल्प, तो आला तात्यांच्याच काळात. साठी ओलांडलेल्या माणसाने हाताने लिहायचे हिशेब सोडून हातातल्या मशीनवर काम शिकायचं, ते शिकले, रात्री नातवंडांना बाजूला बसवून सराव करायचे. कौलांवर सोलर पॅनल बसवलं. कोकणात जून ते सप्टेंबर ऊन कुठलं, आणि एरवी माकडं कौलांवरून उड्या मारतात, त्या पॅनलवर तात्यांनी मासे धरायचं जुनं जाळं टाकलं होतं. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पुढे कुठल्याही बँकेतले पैसे आधारवर आमच्या पडवीत निघायला लागले. २०२५ मध्ये अजून नवीन सिस्टीम आली, एपीटी, आता मोबाईलवरच सगळं. आणि त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टमध्ये विलीन झालं. जुनी माणसं अजून येऊन सांगतात, ह्या रजिस्टर करून दे. मी स्पीडपोस्ट करते, पोच पाहिजे का विचारते, त्यांना तेवढं पुरतं. रेंज पडवीत एका ठराविक जागीच येते, खिडकी त्या बाजूला सरकवून घेतली आहे.

बोटांचं सांगायलाच हवं. आधारवर पैसे काढायला अंगठा लागतो, आणि आमच्याकडच्या बायकांचे ठसेच राहिलेले नसतात. काजूच्या कारखान्यात बी फोडताना टरफलाचं तेल लागून कातडी जाते, वर शेती, शेण, चुलीची राख. मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणतं. एक आजी दर महिन्याला यायच्या आणि दरवेळी हात पुढे करून म्हणायच्या, "बोटाक काय झालां गे माझ्या?" त्यांना वाटायचं त्यांचंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकलं नाही, आयुष्यभर काम केलंत म्हणून असं झालं, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगायचे. कोमट पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, दहाही बोटं एकेक करून बघायची, बहुतेक वेळा करंगळी लागते. नाहीच लागलं तर पोस्टाचं बचत खातं काढून घेतलं, त्यात पैसे काढायच्या फॉर्मवर अंगठा आणि साक्षीदार घेऊन पैसे देता येतात. २०२५ पासून चेहरा दाखवून पण होतं, मोतीबिंदूवाल्यांना डोळे उघडे धरायला लावावे लागतात पण होतं.

सगळ्यात जास्त गर्दी मी बघितली ती २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, लाडकी बहीण योजनेत. आधारला जोडलेलं खातं पाहिजे म्हणून सगळ्या वाड्यांमधल्या बायका. ऐन लावणीचे दिवस. चिखलाने भरलेले पाय, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिक, शेतातून सरळ पडवीत. आईंनी खळ्याच्या कडेला पाण्याची बादली ठेवली आणि माझ्यासाठी पेज तिथेच आणून द्यायच्या. तात्यांना काउंटरवर हात लावायचा अधिकार नाही, ते बाहेर बसून बायकांचे कागद क्रमाने लावून द्यायचे, आधारवरचं नाव आणि मोबाईल नंबर बघून सांगायचे. त्यातल्या कित्येकींचं हे आयुष्यातलं पहिलं, एकटीच्या नावाचं खातं. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून ३,००० एकदम जमा झाले आणि सगळ्याच बीओंची कॅशची मागणी एकाच वेळी गेली. जी पिशवीत येईल ती वाटायची, कुणाला आज, कुणाला परवा. मी यादी करून खिडकीवर लावली, आधी औषधपाण्याची गरज असलेले, मग एकट्या राहणाऱ्या, मग बाकीच्या. भांडण झालं नाही. कुणीतरी मागून म्हणालं की पोस्टाच्या घरातून कधी कुणाचे पैसे बुडले नाहीत, थांबा जरा. ते ऐकून तात्या उठून आत गेले.

आमचे जुने एबीपीएम गेल्या वर्षी ६५ चे झाले आणि त्यांच्या जागी बुलढाणा जिल्ह्यातली एक मुलगी निवडून आली. हल्ली हे सगळीकडे होतंय, मार्कांवर निवड म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातली मुलं कोकणात, अनोळखी गाव, पाऊस, बोली वेगळी. तिची आई पोचवायला आली होती आणि आमचं घर बघून बराच वेळ काही बोललीच नाही, मग आईंशी तिच्या गप्पा झाल्या. मुलगी आमच्याच वळईच्या खोलीत राहते. पहिल्या पावसात तिला व्हाळ म्हणजे ओढा ओलांडायची भीती वाटायची, नवरा तिच्याबरोबर जाऊन प्रत्येक वाडीची पाणंद आणि साकव दाखवून आला. आता ती माझ्यापेक्षा चांगली मालवणी बोलते.

तर फॉर्म भरणाऱ्यांनी, विशेषतः बीपीएमच्या जागेसाठी, पसंती देण्याआधी जमलं तर ते गाव एकदा बघून या. निदान फोनवर चौकशी करा की सध्या पोस्ट कुणाच्या घरात आहे, ते घर पुढे जागा द्यायला तयार आहे का, नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत खोली मिळेल का. एसओ किती लांब, पिशवी कशाने येते, पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, रेंज कुठल्या कंपनीची आहे ते विचारा. निवृत्त झालेले पोस्टमास्तर गावात असतील तर आधी त्यांना भेटा, कुठलं खातं कुणाचं, कोण सही करतं कोण अंगठा, कुठल्या घरी कुत्रा आहे, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नसतं. आणि जागा स्वतःच्या घरात देणार असाल तर घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा, सासू, नवरा, मोठी मुलं, कारण रात्रीची कॅश, सकाळची पिशवी आणि दुपारी दाराशी येऊन बसलेला माणूस त्यांनाही सांभाळायचा आहे.